देवानं अजून खाल्लं नाही

काकू, तुम्ही भेटायच्या आधी आम्ही कोबीची पानं खात होतो. कोबी नाही, नुसती पानं. भिलाईतल्या कोहक्याचा बाजार उठला की भाजीवाले कोबीची वरची जून पानं ओरबाडून तिथंच टाकून जायचे. गाई पोचायच्या आत आई आणि मी ती गोळा करायचो. कणकीचा, म्हणजे तुकडा तांदळाचा भात आणि वर ती उकडलेली पानं, असं आमचं जेवण. बाबा ठेकेदाराकडे विटा वाहायचे, पण काम रोज नसायचं. हिंदी येत नसल्यामुळे सकाळी चौकात उभ्या असलेल्या मजुरांत त्यांचा नंबर सगळ्यात शेवटी लागायचा. गावाकडे ज्याच्या घरात मोहाच्या आणि चारोळीच्या पाट्या भरलेल्या असायच्या, तो माणूस इथं ताडपत्रीखाली बसून माझ्या ताटाकडे बघायचा आणि तोंड फिरवायचा.

आमचं गाव भामरागडच्या जंगलात. चुलत्याला एका बाजूच्या लोकांनी खबऱ्या म्हणून ठार केलं. मग दुसऱ्या बाजूच्या लोकांनी बाबांना नेऊन बडवलं. बाबा लंगडत परत आले आणि त्यांनी तांदळाचं गाठोडं बांधलं. आजी-आजोबा आले नाहीत. आम्ही इथंच मरू, म्हणाले. गावोगावच्या म्हाताऱ्यांनी हेच सांगितलं आणि तरुण घरं तेवढी उठली. अशी थोडी घरं मागंपुढं भिलाईत येऊन पडली होती, कारण इथं कारखाने आहेत आणि कारखाने असतात तिथं काम असतं, असं कोणीतरी सांगितलं होतं. आपल्याच देशात निर्वासित होता येतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. शब्दही माहीत नव्हता.

तुम्ही त्या दिवशी बहिणीकडे आल्या होत्या. हातात पिशवी, डोक्यावरून पदर. मला पानं उचलताना बघून तुम्ही हिंदीत विचारलं, "गाय है क्या घर में?" मी आश्रमशाळेत शिकलेली, हिंदी समजायची पण जीभ वळायची नाही. मी मराठीत म्हटलं, "नाही. आम्हीच खातो."

तुम्ही पिशवी खाली ठेवली. "अवं बाप्पा! हे तर मराठी बोलते!"

पुढं कितीदा तरी मी तुम्हाला चिडवलं, की काकू, आम्ही पानं खातो याचं तुम्हाला काहीच वाटलं नाही, मराठीचंच नवल वाटलं. तुम्ही म्हणायच्या, "पानं खाणारे मी लय पाहिले. बाजारात उभं राहून खरं बोलणारी पोट्टी पहिल्यांदा पाहिली."

लोकांना वाटतं तुम्ही कोणत्या संस्थेच्या होत्या. तुम्ही कसल्या संस्थेच्या? काका मालगाडीवर गार्ड होते, ते गेल्यावर रेल्वेनं तुम्हाला यार्डातल्या ऑफिसात लावलं, तिथूनच तुम्ही रिटायर झाल्या. भिलाई-३ ला रुळांच्या अलीकडे तुमचं घर, मागं काकांनी मुलासाठी घेऊन ठेवलेला रिकामा प्लॉट. मुलगा पुण्याला राहिला. प्लॉटवर बेशरमाची झुडपं माजली होती. तुम्ही आम्हाला तिथं आणलं आणि बाबांना म्हणाल्या, "भाऊ, हे साफ करा अन् काहीतरी लावा. तुमच्या त्या बाकीच्या लोकायलेही बोलवा. मिळून करा. मले एकटीले एवढी जागा काय करायची, बॅडमिंटन खेळू काय?" पुढं ती जमीन तुम्ही आम्हा सगळ्या घरांच्या गटाच्या नावावरच करून टाकली.

शाळाही अशीच सुरू झाली. ओसरीसमोरून मालगाडी जायची, आणि तुम्ही पोरांना डब्यांवरचे आकडे वाचायला लावायच्या. गाडी जोरात असली की पोरं ओरडायची, काकू, थांबवा ना! तुम्ही म्हणायच्या, "तुह्या बापाची गाडी हाय का थांबवायले? जेवढं दिसलं तेवढं वाच." मी झर्रकन वाचायला शिकले ते तिथं. आयांना तुम्ही हातमोजे शिवायला शिकवलं, कारखान्यात भट्टीजवळ घालतात ते जाड कापडाचे. त्या कापडात सुई मोडायची, आईच्या बोटांत रक्त यायचं आणि तुम्ही आईचा हात धरून तिला पुन्हा मशीनवर बसवायच्या. माझ्या भावाला ओळखीच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंगला घातलं. तो चष्म्याशिवाय ठिणग्यांसमोर बसलेला तुम्हाला दिसला, तेव्हा रस्त्यावरून आत येऊन तुम्ही त्याच्या मालकाला आधी आणि त्याला नंतर झापलं. भावाला आजही तुमची भीती वाटते. तुम्ही नाही आहात तरी चष्मा घालतो.

आणि मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट, आणि बाबांना विचाराल तर आमच्या खोऱ्यातली. निकालाच्या दिवशी मी लाजून बसले होते. तुम्ही म्हणाल्या, "लाजून कावून राहिली? चोरी केली काय? सांग ना तोंडानं सगळ्यायले." तेव्हापासून सांगते. कोणी विचारलं नाही तरी सांगते. आज एका कारखान्याच्या लॅबमध्ये पोलादाचे नमुने तपासते, आणि रविवारी तुमच्या ओसरीवर पोरांना शिकवते.

एवढं सगळं तुम्ही केलं, पण एक गोष्ट तुम्हाला जमली नाही. ती तुम्हाला किती लागली होती, हे मी बघत होते.

तो पहिला हिवाळा तुम्हाला आठवत असेल. वालाचे वेल तारेच्या कुंपणावर चढले होते, जांभळ्या शेंगा लटकत होत्या. तुम्हाला एवढा आनंद झाला होता, की तुम्ही कोणाला न विचारता टोपलीभर शेंगा तोडल्या, वाटण घालून भाजी केली, भाकरी थापल्या आणि सगळ्या घरांना प्लॉटवर जेवायला बसवलं. पंगत बसली. पोरं तुटून पडली. मोठी माणसं ताटासमोर बसून राहिली. कोणी हात लावला नाही. बाबांनी भाकरी तेवढी कोरडी खाल्ली आणि शेंगा ताटाच्या कडेला सारून ठेवल्या.

तुम्ही पळी हातात धरून उभ्या. "काय झालं? तिखट झालं काय?"

तुम्ही बाबांकडे वळल्या.

"मडावी भाऊ, माझ्या हातचं चालत नाई काय तुमाले?"

तुम्हाला वाटलं, जातीचं काही असेल, नाहीतर आमचा तुमच्यावर भरवसा नसेल. तुमचा चेहरा असा पडला, की आईनं माझ्याकडे बघितलं, तू सांग म्हणून. सुरुवात कुठून करावी तेच मी ठरवत होते. शेवटी बाबाच त्यांच्या मोडक्या मराठीत बोलले, "बाई, देवानं अजून खाल्लं नाही."

मग मी समजावलं. आमच्यात कोणतंही नवं पीक सण केल्याशिवाय खात नाहीत. त्या सणाला पंडुम म्हणतात. आंब्याचा असतो, धानाचा असतो, शेंगांचा असतो. गावचा पुजारी पहिला वाटा देतो, मग माणसं खातात. पंडुम झाल्याशिवाय आपल्या मातीतलं तोंडात घालायचं नाही. विकत आणलेल्याचं काही नसतं, ते दुसऱ्याचं पीक, दुसऱ्याचा देव.

तुमच्या जिवात जीव आला. "एवढंच ना? मग करा ना इथं! एक दगड ठेवा, हळदकुंकू मी आणते. देवाले काय, जागा पायजे."

बाबांनी मान हलवली. "इथं होत नाही."

"कावून होत नाई?"

"होत नाही, बाई."

बस. त्यापुढं त्यांनी एक शब्द काढला नाही. तुम्ही तेव्हा तर विचारलंच, पण नंतर दर हिवाळ्यात विचारलं. कधी चिडून, कधी गोड बोलून. बाबा तेच, होत नाही. बाकीची मोठी माणसंही त्यांच्या मागं. आणि काकू, वर्षामागून वर्षं बाबा त्या जमिनीत राबले. वाल, भेंडी, मका, कोसरी, भोपळे. सगळ्या भिलाईत आमच्या शेंगांना गिऱ्हाईक. आणि बाबा शेंगांची पाटी बाजारात रिकामी करून येताना स्वतःसाठी बटाटे घेऊन यायचे.

तुम्ही दारातच गाठायच्या. "या भाऊ. तुमचा देव बटाट्यावर रागावत नाई वाटते?"

"बटाटा रायपूरचा आहे, बाई. रायपूरचा देव बघंल."

त्यावर तुम्ही दोघंही हसायचे. पण बाबा गेले की तुम्ही ओसरीवर बसून राहायच्या. एकदा मला म्हणाल्या, "रुपे, खरं सांग. तुह्या बाबाले अजून हे गाव परकंच वाटते ना? अन् मीही?" मी म्हटलं, नाही काकू. पण मला खरंच माहीत नव्हतं. मलाही तेच वाटायचं, की बाबा मनानं एक पाय गावाकडेच ठेवून आहेत, आणि इथं पंडुम केला तर तो पाय उचलावा लागेल.

आपलं शेवटचं भांडण यावरूनच झालं. यंदा शेंगा धरायला लागल्या होत्या. तुम्ही ओसरीवर लसूण सोलत होत्या आणि एकदम म्हणाल्या, "मी जाऊन येते तुमच्या गावाले."

"कुठं?"

"भामरागडले. आता रोड झाला म्हणते. तुमच्या पुजाऱ्याच्या पाया पडते, सांगते, बाप्पा, तुमचा देव चार दिवस भिलाईले पाठवून दे."

"देव काय डेप्युटेशनवर येतो, काकू?"

"कावून नाई? तुह्ये काका गेले होते की बिलासपूरले. सहा महिन्याचं सांगितलं अन् दोन वर्षं बसवून ठेवलं."

मी हसले, पण तुम्ही बॅग भरायला निघाल्यासारख्या दिसत होत्या, म्हणून मला राग आला. तुमचे गुडघे, तो रस्ता, कुठं उतरणार, कोणाला काय विचारणार. मी म्हटलं, पुरे झालं हे. मी शेंगा खाते, भाऊ खातो, आम्हाला कोणाला काही झालं नाही. बाबांची समजूत घालण्यापेक्षा त्यांना एकदा सरळ सांगा, की देव रागावत नाही, खा.

तुम्ही लसणाची पाकळी तशीच हातात धरली. "तू शिकली म्हणून तुले सोपं वाटते."

"तुम्हीच शिकवलं."

"मी वाचायले शिकवलं. बापाचं खोटं पाडायले नाई शिकवलं."

"मी खोटं पाडत नाही. ते अडून बसलेत. आणि तुम्ही त्यांच्यापुढं झुकता, म्हणून अजून अडतात."

"अवं, त्याच्या हातातून गाव गेलं, घर गेलं, भाऊ गेला. एक गोष्ट त्यानं धरून ठेवली, ते मी सोडवू काय?"

"मग तुम्हाला एवढं वाईट कशाला वाटतं, त्यांनी नाही खाल्लं तर?"

तुम्ही पुन्हा लसूण सोलायला लागल्या. मला शिफ्टला जायचं होतं, मी गाडी काढली. तुम्ही फाटकापर्यंत आल्या, माझ्या हेल्मेटचा पट्टा ओढून बघितला आणि म्हणाल्या, "रविवारी बोलू. हारली नाई मी अजून."

मीही हरले नव्हते, काकू. आजही हरलेली नाही. देवाच्या आधी शेंग खाल्ली तर काही बिघडत नाही, हे मी आजही म्हणते आणि तुम्ही समोर असत्या तर जोरात म्हटलं असतं. पण भांडायला समोर माणूस लागतं. रविवार यायच्या आत तुम्ही सकाळी ओसरीवरच पडल्या, आणि आईनं फोनवर नुसतं "काकू" एवढंच म्हटलं. लॅबमध्ये माझ्या हातातल्या चिमट्यात गरम नमुना होता. तो खाली ठेवायचंही मला सुचेना.

तुम्हाला नेलं तेव्हा बाबा सगळ्यात मागं चालत होते. आले आणि शेतात गेले.  तेरावं होईपर्यंत त्यांनी एक शेंग तोडली नाही, विकायलाही नाही. वेलावर जून होत गेल्या. बाजारातले लोक आईला शेंगांचं विचारायचे, सेमी क्यों नहीं ला रहे? आई म्हणायची, हमारे घर में गमी हुई है. ऐकणाऱ्याला वाटायचं, नात्यातलं कोणी गेलं. आईनं कधी दुरुस्त केलं नाही.

तेराव्याचं जेवण झालं आणि पाहुणे पांगले. तुमचा मुलगा, प्रमोददादा, खुर्च्या गोळा करत होता. बाबा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. हात जोडलेले. मला वाटलं, निरोप घेतात.

"दादा," बाबा म्हणाले, "एक विचारायचं आहे. बाईंना आमच्यात मोजू काय?"

दादाला कळलं नाही. मलाही कळलं नाही. बाबांनी मग मला गोंडीत सांगितलं आणि मी मराठी करत गेले. पंडुमला पहिला वाटा देवाचा, हे मी तुम्हाला सांगितलं होतं. ते अर्धंच होतं. अर्धंच मला माहीत होतं. देव एकटा जेवत नाही. त्याच्यासोबत आपली मेलेली माणसं जेवायला बसतात, आणि ज्या मातीत आपलं कोणी मेलेलं नाही, तिथं पहिला वाटा घ्यायला कोणी नसतं. आमची मरणारी माणसं सगळी गावाकडे राहिली होती. भिलाईत आम्ही सगळे जिवंत होतो. म्हणून इथं होत नव्हतं.

"मग इतकी वर्षं काकूंना हे सांगितलं का नाही?" मी बाबांना विचारलं. जरा ओरडलेच.

बाबा म्हणाले, "जित्या बाईला कसं सांगू? ती दर वर्षी विचारायची, कधी होणार, कधी होणार. इथं आपलं कोणी मेलं की होईल, असं तोंडावर सांगू? ती म्हातारी. तिच्या मरणाची वाट बघतो आहे असं झालं असतं."

काकू, तुम्ही मला विचारलं होतं ना, बाबा तुम्हाला परकी समजतात काय? तुम्ही परक्या असत्या तर त्यांनी सांगून टाकलं असतं. मला हे तेव्हा माहीत असतं तर मी तुम्हाला त्याच दिवशी सांगितलं असतं. पण मग तुम्हाला कसं वाटलं असतं, तेही मला सांगता येत नाही. तुम्ही बहुतेक हसल्या असत्या, आणि बाबांना म्हणाल्या असत्या, थोडं थांबा भाऊ, इतकी काय घाई. आणि मग आत जाऊन रडल्या असत्या.

प्रमोददादा खुर्ची हातात धरून उभाच होता. तो म्हणाला, "भाऊ, यात पूछना क्या है? ती तर तुमचीच होती. आम्ही फोनवरचे." आणि खुर्ची टेकवून त्याच खुर्चीत बसला आणि तोंड झाकलं.

दुसऱ्या दिवशी मोठी माणसं प्लॉटवर बसली. प्रत्येकाचं गाव वेगळं, देव वेगळा. कोणी म्हणालं, अमक्याच्या देवाला आधी, कोणी म्हणालं, आमच्याला का नाही. तुम्ही असत्या तर म्हणाल्या असत्या, लग्नात मानपान असते तसंच हे. शेवटी ठरलं, की देवांचं नंतर बघू, ज्याचा त्याचा गावाकडे सुखरूप आहे. पहिला वाटा बाईंना. बाईंना सगळी गावं सारखी. बाबांनी खदानीवरून एक उभा दगड आणला आणि रुळांकडच्या कोपऱ्यात पुरला, जिथून मालगाडी दिसते. आमच्याकडे गेलेल्या माणसासाठी असाच दगड उभा करतात. शेंदूर नाही लावला. लावत नाहीत.

पंडुम सोमवारी करायचा ठरत होता. बाबांनीच अडवलं. "सोमवारी बाईंचा उपास असतो." म्हणून मंगळवारी केला.

शेंगा बिनतेलाच्या उकडल्या. पळसाच्या पानावर पहिला वाटा दगडापुढं ठेवला, मोहाच्या दारूचे थेंब शिंपडले. दारूबद्दल तुम्ही नाक मुरडलं असतं, पण तो आमचा रिवाज आहे, एवढं चालवून घ्या. बाबा गोंडीत तुमच्याशी बोलले. तुमचं नाव घेतलं, काकांचं नाव घेतलं, आणि म्हणाले, बाई, ही जमीन तुम्ही दिली, हे पीक आमचं, आधी तुम्ही जेवा, मग आम्ही जेवतो. मी रडत होते, आई रडत होती, आणि माझा भाऊ चष्मा काढून पुसत होता, जो त्यानं कामावरून तसाच घालून आणला होता.

मग सगळी पंगत बसली. मीच वाढत होते. बाबांच्या पानावर शेंगा घातल्या आणि तिथंच उभी राहिले.  त्यांनी एक शेंग उचलली, सोलली, दाणे तोंडात टाकले. बराच वेळ चावत राहिले. "जून झाल्या," म्हणाले, आणि पान पुढं केलं, अजून घाल म्हणून.

काकू, यंदा शेंगांचा पंडुम भिलाईत झाला. बाबांनी स्वतः पिकवलेलं खाल्लं.